नेक काढली, लावली, परत काढली: जुन्या घाटणीच्या बेस गिटारबरोबर १४ महिने

परवा रात्री साडेअकराला जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून बेसची नेक, म्हणजे तारा दाबायची लांब दांडी, काढत बसलो होतो. घेतल्यापासून ही पाचवी वेळ. बायको पाणी प्यायला उठली, एकदा बघितलं आणि म्हणाली, "पेशंट परत अ‍ॅडमिट वाटतं?" तेव्हाच ठरवलं, आता हे लिहूनच काढू.

बेस ६०च्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या धर्तीवरचा. २० फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी), दोन तुकड्यांचं पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग), नेहमीचंच सगळं. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव आलं की चर्चा फक्त नावाचीच होते. सेकंड हँड, ३१ हजार, बॅगेसकट. माझा हा पहिलाच बेस. त्याआधी वीस वर्षं साधी गिटार, तीही सोसायटीच्या गणपतीपुरती.

आता मुद्द्याचं. नेकमधल्या ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा बाक ताब्यात ठेवणाऱ्या सळईचा, नट जुन्या पद्धतीप्रमाणे बॉडीच्या टोकाला आहे. म्हणजे पिकगार्डच्या (बॉडीवरच्या पातळ आवरणाच्या) आड, लाकडात दडलेला. नेक जरा वाकली की तारा सैल करा, मागचे चार स्क्रू काढा, नेक बाहेर घ्या, नट एक अष्टमांश फिरवा, नेक बसवा, स्क्रू आवळा, तारा सुरात आणा, आणि मग कळणार की अजून थोडं फिरवायला हवं होतं. पुन्हा पहिल्यापासून. नेकच्या वरच्या टोकाला, हेडस्टॉकवर नट असलेल्या बेसला हेच काम एल-की घालून अर्ध्या मिनिटात होतं.

हा आराखडा जन्मला कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बाजारात आणला तेव्हा डोंबिवलीचा जुलै त्यांच्या डोळ्यांसमोर असण्याचं काही कारण नव्हतं. तिथली हवा कोरडी. इथे जूनमध्ये पापड सादळतात, दारं फुगतात, तिथे मेपल लाकडाच्या नेकने का सरळ राहावं? माझी नेक पावसात पुढे झुकते आणि बाराव्या फ्रेटवर तारा इतक्या वर जातात की बोटं दुखतात. डिसेंबरात उलट, पहिल्या तीन-चार फ्रेटवर खरखर. तुमची नेक कदाचित नेमकी उलटी वागेल, लाकडाचा भरवसा नाही.

पहिल्या जुलैत दुकानात नेला. सेटअपचे (नेक आणि तारांची उंची जुळवून द्यायचे) १,५०० घेतले आणि आठ दिवसांनी परत दिला तो जवळपास तसाच. वर नटाची फुलीची खाच एका बाजूने झिजवलेली. विचारलं तर म्हणे, "सर, व्हिंटेज असाच असतो." तक्रार करून बघितली, तीन फोन, दोन खेपा, लोकलमध्ये खांद्यावर सव्वाचार किलो. पैसे परत नाहीत. तेव्हापासून हात लावायचा तो मीच. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्याजवळ तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. फट मोजायचं फीलर गेज आणायची गरज नाही, कार्डं घरात पडून आहेत.

सतत काढघाल करून स्क्रूची भोकं सैल झाली. दात कोरायच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून आत ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या, स्क्रू घट्ट बसले. हे मात्र झकास जमलं.

पहिल्या चार महिन्यांत मी हा बेस दोनदा विकायला काढला होता, हेही सांगतो. आवाज मला मातकट वाटायचा. पुलावरचं (बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजवरचं) क्रोमचं झाकण मी पहिल्याच दिवशी काढून माळ्यावर टाकलेलं, हाताला अडतं म्हणून. मग कुठेतरी वाचलं की त्या झाकणाखाली जुन्या काळी फोमची पट्टी असायची. भांडी घासायचा स्पंज आणला, वीस रुपये, हिरवा भाग कापून टाकला आणि पिवळी पट्टी पुलाजवळ तारांखाली सरकवली. त्याच्या आठवडाभर आधी फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेटोळ्याच्या गुळगुळीत, तारा चढवल्या होत्या (साडेचार हजार, पोटात गोळा आला). आणि अचानक तो आवाज आला! गोल, ठाम, ठप्प होऊन थांबणारा, लहानपणी रेडिओवरच्या हिंदी गाण्यांत तबल्याच्या खाली ऐकू यायचा तसा. ज्याला मातकट म्हणत होतो तेच खरं तर या वाद्याचं काम होतं, मीच त्यातून गिटार ऐकायला बघत होतो. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जॅमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड आणि फोम लावून, एका तर्जनीने वाजवायचे आणि तारा बदलायच्या भानगडीत पडायचे नाहीत. हे शेवटचं कळल्यावर साडेचार हजारांचं दुःख बरंच हलकं झालं. दहा महिने झाले, त्याच तारा आहेत. झाकण माळ्यावरून शोधून पुन्हा लावलं.

टोनचा पॉट (आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) खरखरायचा. लॅमिंग्टन रोडवरून २५० के (किलोओहम) चा नवा पॉट आणि ४७३ छापलेला हिरवा पॉलिस्टर कपॅसिटर आणला, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. कपॅसिटर इतका स्वस्त की दुकानदाराने पाच घ्यायला लावले. शेकडो रुपयांच्या 'व्हिंटेज' कपॅसिटरने काय वेगळं होतं ते माझ्या कानांना तरी कळलेलं नाही. जी तारेच्या सहाव्या फ्रेटवर सूर लवकर मरतो, तो तसाच आहे. तिथे मी फार रेंगाळत नाही.

तर परवा. नेक हातात, रात्रीचे बारा, नटाची उरलेली धारही जायच्या बेतात. कपाटातून कानस काढली आणि पिकगार्डला नेकच्या टोकाशी बोटभर रुंदीची अर्धगोल खाच पाडली, तिच्याखालच्या लाकडातही तिरकी वाट केली. शुद्ध व्हिंटेजवाल्यांनी डोळे मिटून घ्यावेत. घासल्याचा आवाज ऐकून बायको पुन्हा बाहेर आली, यावेळी काही बोलली नाही.

काल दिवसभर पाऊस. रात्री तारा पुन्हा वर आलेल्या. तारा सुरात ठेवूनच चपटा स्क्रूड्रायव्हर तिरका घातला, नट किंचित फिरवला, कार्ड सरकवून बघितलं. दोन मिनिटं.

ज्याच्याकडून घेतला त्याला फोटो पाठवला. म्हणाला, विकायला गेलास तर या खाचेमुळे तीन हजार तरी कमी येतील. येऊ देत.