काळी रिम चकचकीत करायची तर कॉस्टिक की वॉटर पेपर?

माझ्या जुन्या रोड सायकलच्या दोन्ही रिम काळ्या ॲनोडाइज्ड होत्या, म्हणजे धातूवर विजेच्या प्रक्रियेने चढवलेला कडक रंगीत थर होता. मला खाली लपलेलं पांढरं ॲल्युमिनियम हवं होतं, म्हणून पुढची रिम नुसत्या वॉटर पेपरने केली आणि मागची कॉस्टिक सोड्यात बुडवून. दोनच रिमचा अनुभव आहे, त्यामुळे तुमच्याकडे थोडं वेगळं होऊ शकतं.

वॉटर पेपरचं चांगलं म्हणजे भीती कसलीच नाही, गॅलरीत बसून करता येतं, स्पोक सोडवले नाहीत तरी चालतं. पण ॲनोडाइझिंगचा थर म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, कुरुंदाच्याच जातीचा, त्यामुळे हात भरून येतात आणि पेपर भराभर बोथट होतात. ३२० नंबरच्या जाड पेपरपासून सुरू करून २००० च्या बारीक पेपरपर्यंत गेलो, तेही एक वेळ सोसलं असतं.

वैताग आला तो भोकांचा. एका रिमला स्पोकची ३६ भोकं, प्रत्येकाभोवती खोलगट कड, तिथे पेपर बसतच नाही. घासताना वाटतं की निघालं सगळं, आणि बफ मारल्यावर प्रत्येक भोकाभोवती करडं मळकट कडं उमटतं, कारण उरलेल्या थराला बफ चढत नाही. मग पुन्हा ३२०, पुन्हा सगळी चढण. तीनदा केलं. शेवटी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून एकेक भोक तपासलं, बीप आली तर धातू उघडा, नाही आली तर थर शिल्लक, आणि निम्म्याहून जास्त भोकांपाशी बीप आलीच नाही.

कॉस्टिक तिथे आपसूक पोचतं. मी लिटरला साधारण ५० ग्रॅम घेतलं, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. गॉगल, रबरी ग्लोव्ह्ज, मोकळी जागा, कारण फसफसतं तो हायड्रोजन असतो, जवळ काडीही पेटवू नका. सगळीकडून सारखे बुडबुडे यायला लागले की थर गेला, लगेच बाहेर काढायची, नाहीतर धातूच खायला लागतं आणि खड्डे पडतात. वर काळपट बुरा राहतो, तो मिश्रधातूतल्या तांबं-सिलिकॉनचा, माझ्या रिमचा फडक्याने निघाला.

कॉस्टिकचे त्रास नाहीत असं नाही. स्पोक काढावेच लागतात, ॲल्युमिनियमचे निपल (स्पोकच्या टोकाला रिममध्ये बसणारे छोटे नट) आत राहिले तर ते विरघळतात, आणि नंतर चाक पुन्हा बांधून ट्रू करायचं, म्हणजे न डुलता सरळ फिरेल असं स्पोक ताणायचे, तर चांगला मेकॅनिक पाहिजे. दुहेरी भिंतीची रिम आतून पोकळ असते, कॉस्टिक आत साचून राहिलं तर ते गुपचूप खात बसतं, म्हणून मी नळीने खूप वेळ धुतली, उलटसुलट करून, आणि तरी दुसऱ्या दिवशी परत धुतली. पेपरही सुटत नाही, कारण पृष्ठभाग मॅट होतो, पण ६०० पासून पुढे काम पटापट होतं आणि भोकांचा प्रश्नच उरत नाही.

रिम ब्रेक असतील तर ब्रेकच्या पट्टीवर पॉलिशचं तेल राहू देऊ नका, स्पिरिटने पुसा. आणि उघडं ॲल्युमिनियम दमट हवेत काळवंडतं, कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात ब्रेकची पट्टी सोडून वॅक्सचा हात अधूनमधून द्यावाच लागेल.

निपल पितळेचे असतील आणि चाक बांधणारा ओळखीचा असेल तर मी तरी कॉस्टिकच म्हणेन. पुढच्या चाकाची रिमही थंडीत कॉस्टिकसाठी उतरवणार आहे, स्पोकची ऑर्डर दिलीय.