व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट : ऐकावे, पण ताडून पाहावे

अमेरिकी काँग्रेसने २००० साली सुरू केलेल्या आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने सांभाळलेल्या या संग्रहातील माजी सैनिकांच्या बऱ्याच मुलाखती संकेतस्थळावर विनामूल्य ऐकता येतात. किमान ३० मिनिटांची, काटछाट न केलेली मुलाखत हवी, अशी अट असल्यामुळे सांगणाऱ्याचे अडखळणे, मध्येच गप्प होणे, विषय टाळणे हेही टिकून राहते, आणि माझ्या मते संग्रहाचे खरे मोल त्यातच आहे. मुलाखतकार बहुधा स्वयंसेवक असल्याने दर्जा मात्र फार कमीजास्त आहे. नेमका पुढचा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही. भीती, कंटाळा, सोबत्यांची थट्टा यांबाबत या आठवणींवर खुशाल विसंबावे. तारखा, ठिकाणे आणि शत्रूची संख्या, कित्येक दशकांनंतर सांगितलेली असल्याने, तुकडीच्या तत्कालीन नोंदींशी ताडल्याशिवाय उद्धृत करू नयेत.