आठही दिवे लागले म्हणून पूर्ण बिल दिलं आणि फसलो

ऑफिसमध्ये नवीन नेटवर्क वायरिंग करायची होती, २४ पॉइंट, आणि बघायची जबाबदारी माझी. आपल्यालाच तपासता यावं म्हणून एक स्वस्तातला केबल टेस्टर ऑनलाइन मागवला. जाहिरातीत कॅट ६ (म्हणजे नेटवर्क केबलचा एक दर्जा) सर्टिफिकेशन, लांबी, स्पीड सगळं लिहिलेलं. तरी विकणाऱ्याला मुद्दाम विचारलं की गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस चालेल का ते यावर कळेल ना, तर म्हणाला हो सर, आठही दिवे लागले की केबल पास.

बॉक्समधून निघाला साधा दोन तुकड्यांचा टेस्टर, मास्टर आणि रिमोट, केबलमधल्या आठ तारांसाठी १ ते ८ दिवे आणि शिल्डचा, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाचा, एक जी. स्क्रीनच नाही तर लांबी दाखवणार कुठे? तेव्हाच परत करायला हवा होता, पण काम संपलेलं आणि ठेकेदार पैशासाठी मागे लागलेला, मग त्याच्यासमोरच सगळे पॉइंट लावून बघितले, दोन्हीकडे ओळीने दिवे लागले, मी सही केली आणि पूर्ण बिल देऊन टाकलं.

आठवड्याभरात तक्रारी सुरू. काही कॉम्प्युटर १०० एमबीपीएसवरच अडकलेले, मोठी फाइल कॉपी करताना मध्येच तुटायची, आणि दूरचे दोन पीओई कॅमेरे (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) रात्री त्यांचे अंधारात बघायचे आयआर दिवे लागले की रिस्टार्ट व्हायचे. आम्ही स्विच बदलला, सेटिंग बदलली, काही फरक नाही. शेवटी ओळखीच्या एकाने त्याचा स्क्रीनवाला टेस्टर आणला तेव्हा कळलं की ९ पॉइंटला स्प्लिट पेअर आहे.

म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण खरी फसगत इथेच होते. केबलमधे चार जोड्या असतात, प्रत्येक जोडी पीळ दिलेली, आणि ३ व ६ नंबरच्या पिनवर एकाच जोडीच्या तारा यायला लागतात. आमच्याकडे रंगांच्या जोड्या १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा सरळ ओळीने बसवलेल्या, दोन्ही टोकांना तशाच. मग १ ला १ आणि ८ ला ८ जोडलेलं असतंच, दिवे बरोबर लागतात, पण ३ आणि ६ च्या तारा दोन वेगळ्या जोड्यांतल्या, त्यामुळे पिळाचा फायदा जातो आणि एका जोडीचा सिग्नल दुसरीत शिरतो. दिव्यांचा टेस्टर फक्त तार कुठून कुठे गेली एवढंच बघतो. खरं सर्टिफिकेशन करणारी मशीन कॅट ६ साठी २५० मेगाहर्ट्झपर्यंत क्रॉसटॉक, म्हणजे हीच सिग्नलची घुसखोरी, वगैरे मोजते आणि ती खूपच महाग असते, तेव्हा स्वस्त टेस्टरवर सर्टिफिकेशन हा शब्द दिसला तर सरळ खोटं समजा.

कॅमेऱ्यांचं कारण वेगळंच निघालं. तार ब्लेडने खरवडली तर वरचं तांबं निघून आतून पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा रेझिस्टन्स जास्त, लांब केबलवर कॅमेऱ्यापर्यंत पोचताना व्होल्टेज कमी होतं. दिवे तर अ‍ॅल्युमिनियमवरही लागतात. हे साध्या मल्टिमीटरवरही पकडता येतं, एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडायच्या आणि दुसऱ्या टोकाला मोजायचं, २४ गेज जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेला १०० मीटरला साधारण १७ ते १९ ओहम येतात, आम्हाला बरेच जास्त आले.

विकणारा म्हणतो दिवे लागतायत ना मग पीस खराब नाही, रिफंड नाही. ठेकेदार माझी सही दाखवतो. स्प्लिट पेअरचे पॉइंट आम्ही स्वतः परत पंच केले, म्हणजे तारा बरोबर जोडीने जॅकमध्ये पुन्हा दाबून बसवल्या, कॅमेऱ्यांच्या केबल मात्र नव्याने ओढाव्या लागल्या.

नवीन टेस्टर घेताना स्क्रीनवर वायरमॅप (कुठली तार कुठे गेली त्याचा नकाशा) दिसतो का, स्प्लिट पेअर ओळखतो का आणि लांबी मोजतो का हे तीनही लेखी विचारून घेतलं, कारण जॅकपासून पॅच पॅनलपर्यंत (जिथे सगळ्या केबल एकत्र येतात) ९० मीटरच्या वर जाता येत नाही. आणि मुद्दाम चुकीच्या जोड्यांनी क्रिम्प केलेली, म्हणजे टोकांना कनेक्टर दाबून बसवलेली, चार-पाच मीटरची केबल करून ठेवलीये, टेस्टर हातात आला की आधी तीच लावली. त्याने ३-६ ला स्प्लिट दाखवलं तेव्हाच ठेवून घेतला.