ॲक्रिलिक शटरचे १४ महिने आणि संध्याकाळी पाचचं ऊन

परवा मॉड्युलर किचनच्या कंपनीचं कोटेशन आलं. उंच युनिटची दोन शटरं, म्हणजे कपाटाची दारं, बदलायची तर ९,२०० रुपये, वर जीएसटी, वर फिटिंग. ते वाचून मी आधी गॅस बंद केला आणि मग खाली बसले.

किचनचं बाकी वर्णन करत नाही. एचडीएचएमआरवर (ओल सोसणारा दाट फायबरबोर्ड) हाय-ग्लॉस ॲक्रिलिक, वाइन रेड, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या. हल्ली बऱ्याच घरांत हेच असतं. ड्रॉवर छान सरकतात, बिजागऱ्या एकदाही कुरकुरल्या नाहीत, सिंकखालचं कपाट भर पावसाळ्यात फुगलं नाही. या सगळ्याला दहापैकी नऊ. माझं भांडण आहे ते फक्त शटरच्या चकाकीशी.

आमचं घर डोंबिवलीत, स्वयंपाकघराची बाल्कनी पश्चिमेला. संध्याकाळी पाचला ऊन तिरकं येऊन फ्रिजशेजारच्या उंच युनिटवर पडतं. सकाळी ज्या शटरमध्ये भांग पाडता येतो, त्याच शटरवर पाचला बघावं तर बारीक चऱ्यांचं गोल गोल जाळं. घरात दुसऱ्या कुणाला ते दिसत नाही. आमचे हे म्हणतात, "तू पाचला तिकडे बघूच नकोस ना."

किचन बसलं गेल्या वर्षीच्या पाडव्याला. एप्रिल-मे नव्याच्या नवलाईत गेले, जूनपासून ऊनच नव्हतं. ऑक्टोबर उजाडला आणि दिवाळीच्या साफसफाईत हा साक्षात्कार झाला. संशय सरळ मावशींवर. सिंकजवळ हिरवी घासणी कायम पडलेली असते, ती शटरवर फिरली असणार, असं मी ठरवूनच टाकलं. त्यांना दोन शब्द जास्तच बोलले. "वहिनी, मी तर ओलं फडकं मारते," एवढंच म्हणाल्या त्या.

मग कंपनीला फोन. अकरा दिवसांनी माणूस आला. वॉरंटी १० वर्षांची, पण ती बोर्डाची आणि बिजागऱ्यांची, चऱ्यांची नाही. हे विकताना कुणी सांगत नाही, कागदावर मात्र बारीक अक्षरांत असतं. त्याने मोबाइलचा टॉर्च शटरला जवळजवळ चिकटवून तिरका धरला आणि भर दुपारी माझं पाचचं ऊन मला दाखवलं. मग हँडलच्या स्क्रूभोवती बोट ठेवून विचारलं, "मॅडम, सॅनिटायझर मारता का?" मला राग आला. कोरोनापासूनची सवय आहे, हँडलवर रोज दोन फवारे, त्यात काय एवढं? काच पुसायचा निळा स्प्रेही मीच आणलेला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

(वरची कोटेशनची गोष्ट सोडली तर इथवरचं नोव्हेंबरात लिहून ठेवलं होतं, शेवटी 'ॲक्रिलिक घेऊ नका' असं ठोकून. ती ओळ आता काढली आहे.)

झालं असं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाची खोकी काढायला माळ्यावर चढले. फ्रिजच्या वरच्या शेवटच्या शटरचा कोपरा सुटल्यासारखा दिसला. ओढून बघते तर कारखान्यातली संरक्षक फिल्म! फिटिंगवाले ती काढायलाच विसरले होते. दहा महिन्यांत ती कडक होऊन चिकटली होती, तुकड्या-तुकड्यांनी निघाली, कडेला गोंदाची रेघ राहिली. नेलपॉलिश रिमूव्हर हातात घेतला होता, तेवढ्यात लेकीने अडवलं. ती केमिस्ट्रीवाली आहे. ॲसिटोनने ॲक्रिलिक विरघळतं म्हणाली. शेवटी खोबरेल तेल बोटाने चोळून दहा मिनिटं ठेवलं आणि साबणाच्या पाण्याने पुसलं. रेघ गेली.

आणि खाली जे निघालं, ते खरं वाइन रेड! त्याच्या शेजारचं शटर बघवेना. दोघांवर टॉर्च मारला. एकावर काही नाही, दुसऱ्यावर जाळं. पण माळ्याच्या शटरला मावशींचा हात पोचतच नाही. तिथे स्टुलावर चढून पुसते ती मी. आणि पुसते कशी? चहा उकळेपर्यंत कोरड्या फडक्याने, गोल गोल, जोर लावून. आमच्या खाली वर्षभर रस्त्याच्या काँक्रीटचं काम चालू आहे. त्या धुळीत रेतीचे कण असतात. कोरड्या फडक्याने मी ती रेती रोज शटरवर घासत होते. हिरव्या घासणीचा एकही ओरखडा कुठे सापडला नाही. मावशींना संक्रांतीला साडी दिली. का दिली ते सांगितलं नाही.

हँडलभोवतीचं प्रकरण वेगळं. तिथे चरे नाहीत, स्क्रूच्या भोकापासून निघालेल्या केसासारख्या तडा आहेत. लेकीचं म्हणणं असं की भोक पाडतो तिथे ॲक्रिलिकवर ताण असतो, आणि अल्कोहोल लागलं की त्या ताणाच्या जागीच ते तडकतं. काचेच्या स्प्रेमध्येही बहुतेक वेळा अल्कोहोल किंवा अमोनिया असतोच. थोडक्यात, टॉर्चवाला बरोबर होता. त्याचा चहा माझ्याकडे बाकी आहे.

जानेवारीपासून मी जे करते ते असं. एक लिटर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब; जास्त घातलं तर फेसाचे पट्टे उठतात आणि ते काढण्यात परत पुसणं वाढतं. आधी ओलं, पिळलेलं मायक्रोफायबर वरून खाली सरळ ओढायचं, हलक्या हाताने. फडक्याची चौपदरी घडी, दर दोन शटरांनी बाजू बदलायची. मग साध्या पाण्याचं फडकं, लगेच कोरडं. पाणी थेट शटरवर फवारत नाही, कारण ते ओघळून खालच्या कडेला जमतं, कडेच्या पट्टीच्या (एज बँडच्या) सांध्यातून आत शिरतं आणि कड फुगायची भीती. खालची कड शेवटी बोटाने चाचपून बघते. उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं तेव्हा पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटचा हात आरओ फिल्टरच्या पाण्याचा.

गॅसजवळच्या शटरांवर फोडणीचा थर बसतो. ताजा असेल तर याच पाण्याने निघतो. महिनाभर राहिला की चिकट वार्निश. तिथे घासायचं नाही. कोमट ओलं फडकं शटरला नुसतं चिकटवून ठेवायचं. चकचकीत असल्याने ते आपोआप धरून राहतं. पाच मिनिटांनी मऊ पडतं, नाही पडलं तर पुन्हा पाच मिनिटं. खायच्या सोड्याची पेस्ट, टूथपेस्ट, तो पांढरा 'जादूचा' स्पंज, हे सगळं बारीक पॉलिशपेपरच समजा. मॅट लॅमिनेटवर चालत असेल तर चालो, ग्लॉसवर आणू नका.

हळदीचं एक सांगते. पांढऱ्या एज बँडवर हळदीचा हात लागला, साबण लावला तर डाग लाल! घाबरू नका, साबणाच्या पाण्यात हळद लाल होतेच. पुसून सोडून दिला. उरलेला पिवळा डाग चार-पाच दिवसांत उन्हाने उडाला. पाचच्या उन्हाने माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार.

फडक्यांवर मी उगाच पैसे घातले. ३४९ रुपयांना तीन मायक्रोफायबर आणली आणि हौसेने कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकून कम्फर्ट (कपडे मऊ करणारं लिक्विड) घातलं. त्याने ती पाणीच शोषेनाशी झाली. आता फक्त साबणात हाताने धुते. कोरडं करायला सगळ्यात सरस निघालं सासऱ्यांचं जुनं धोतर: पंचवीस वर्षं धुतलेलं, मऊ, फुकट. काठ मात्र कापून टाकला. मुलांचे जुने टी-शर्ट वापरू नका, त्यावरचं रबरी छापील चित्र आणि शिवण चरे पाडते.

चऱ्यांसाठी ४५० रुपयांचं प्लास्टिक पॉलिश आणलं, गाड्यांच्या हेडलाइटला लावतात तसलं. आधी फ्रिजच्या बाजूला लपलेल्या पॅनलवर करून बघितलं, मग उंच युनिटवर. हात दुखले, पण जाळं निम्म्याने कमी झालं. हँडलच्या तडा तशाच आहेत, त्या जाणार नाहीत. तरीही ९,२०० देऊन नवं शटर आणायचं आणि त्याच्या शेजारी १४ महिन्यांचं जुनं ठेवायचं, हे मला जमणार नाही. तडा झाकायला थोडी मोठी प्लेट असलेली हँडलं बघून आले आहे, दोनशे वीसला एक.

रेटिंग म्हणाल तर पाचपैकी किचनला चार, विकणाऱ्याला दोन, टॉर्चवाल्याला पाच. ॲक्रिलिक घ्यायचंच असेल तर फिका रंग घ्या. गडद लाल आणि काळ्यावर सगळं दिसतं. कंपनीला 'नको' म्हणून कळवलं. पाऊस तोंडावर आला आहे, आता चार महिने पाचचं ऊन नाही. ऑक्टोबरात परत बघेन.