घंटाळीजवळचं व्हीगन दुकान: खरवस एक नंबर, दारातला टीव्ही तेवढा हलवा

राम मारुती रोडवरून घंटाळीकडे वळलं की आतल्या गल्लीत आहे, छोटंसं दुकान, दूध-अंडी-मांस असं प्राण्यांपासूनचं काहीच न ठेवणारं, गाडी लावायला जागा नाही त्यामुळे ठाणे स्टेशनवरून चालतच या. नाव लिहीत नाहीये कारण एक तक्रार पण करायचीय आणि माणसं खरंच चांगली आहेत.

टोफू ताजा आणि घट्ट, भुर्जीला मस्त. शेंगदाण्याचं दही छान आंबट, फक्त कढी केलीत तर उकळी आणू नका, फाटतं. बदाम दूध महाग आहे, रोजच्या चहाला परवडणार नाही. पण नारळाच्या दुधाचा खरवस!! गूळ, वेलची, जायफळ, चायना ग्रासवर सेट केलेला, वडी कापली तरी कड सरळ राहते. चिकाच्या खरवसाला जी जाळी पडते ती यात नाही पण चवीला काही कमी नाही.

आता टीव्ही. अगदी दारात मोठा स्क्रीन, त्यावर गोठ्यातले आणि कत्तलखान्यातले व्हिडिओ दिवसभर, आवाजासकट. माझी आई सोबत होती, वासराला ओढून नेताना बघितलं आणि "तू घे काय घ्यायचं ते, मी बाहेरच थांबते गं" म्हणून मागे फिरली. ती दुष्ट नाहीये, तिला बघवलं नाही. काउंटरवरची मुलगी कागदी डिशमध्ये खरवस घेऊन तिच्यामागे बाहेर आली आणि म्हणाली, "काकू, चीक वासराचा असतो ना, हा नारळाचा आहे, खाऊन तर बघा." आईच्या माहेरी गाई होत्या, तिला हे वेगळं सांगायची गरजच नव्हती. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, पहिल्या काही तासांत पोटात गेलेल्या चिकातूनच ती मिळते. त्या दिवसापासून आमच्याकडे चिकाचा खरवस येत नाही, आणि हे आईने ठरवलंय.

ते व्हिडिओ खोटे आहेत किंवा दाखवूच नयेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, लोकांनी ते बघायलाच हवेत. आत साबण-शांपूच्या कपाटावर सशाचं चिन्ह दिसेल, म्हणजे प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, त्यामागे पण एक धक्काच आहे. हेन्री स्पायरा नावाच्या कार्यकर्त्याने १९८० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली, डोळ्यांवर पट्टी बांधलेला पांढरा ससा आणि वर प्रश्न, सौंदर्यासाठी रेव्हलॉन किती सशांना आंधळं करते? रेव्हलॉन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी, आणि तेव्हा अशा वस्तू सशांच्या डोळ्यांत घालून तपासायचे. पण त्याआधी तो वर्षभर कंपनीशी बोलायचा प्रयत्न करत होता आणि मागणी एकदम स्पष्ट होती, पर्यायी चाचण्या शोधायला पैसे द्या. त्याच वर्षी रेव्हलॉनने रॉकफेलर विद्यापीठाला त्यासाठी साडेसात लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी २०१४ मध्ये बंद झाली. म्हणजे धक्का चालतो, पण "मग आता मी काय करू" याचं उत्तर त्याच क्षणी समोर असलं पाहिजे, नाहीतर माणूस मान फिरवून निघून जातो. २०२० मध्ये फाइनबर्ग, विलर आणि कोवाचेफ यांचा एक अभ्यास आला, त्यात प्राणीहक्क आंदोलन पण होतं, आणि निष्कर्ष असा की टोकाच्या निदर्शनांकडे लक्ष जातं पण लोकांचा पाठिंबा कमी होतो, आंदोलन करणारी माणसं त्यांना आपली वाटत नाहीत. दुकानातला टीव्ही म्हणजे काही तोडफोड नाही, मान्य, पण लहान पोरं आणि म्हातारी माणसं जातायत त्या दारात न विचारता हे समोर आलं की तोच दुरावा तयार होतो.

म्हणून दुकानवाल्यांना विनंती, टीव्ही आतल्या भिंतीवर खरवसाच्या फ्रिजशेजारी लावा, आवाज बंद ठेवा, ज्याला बघायचंय त्याला स्वतः उभं राहून बघू द्या आणि ती मुलगी तिथे बोलायला असू दे. बाकी सामानाला माझ्याकडून पाचपैकी पाच, खरवस शनिवारी संध्याकाळपर्यंत संपतो, दुपारीच जा.