पहिल्या महायुद्धात गेलेल्या पूर्वजाचा शोध : सीडब्ल्यूजीसीची वेबसाइट काही महिने वापरल्यावर

पणजोबांचे धाकटे भाऊ ‘बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेले ते आलेच नाहीत’, एवढंच आमच्या घरात माहीत होतं. त्यांचा माग काढायला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (सीडब्ल्यूजीसी, महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणारी संस्था) वेबसाइट वापरायला लागलो. शोध फुकट आहे, लॉगिनची कटकट नाही.

आधीच सांगतो, इथे फक्त मृतांची नोंद आहे, तीही ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातली (दुसऱ्या महायुद्धाची वेगळी). लढून सुखरूप घरी आलेल्यांना इथे शोधत बसू नका.

नुसत्या नावावर भिस्त ठेवलीत तर डोकं धराल. तेव्हाच्या कारकुनाने कानाला पडेल तसं इंग्रजीत लिहिलंय. सावंत कधी व्हीने, कधी डब्ल्यूने. खरी किल्ली पलटणीचा नंबर. ‘मराठा पलटणीत होते’ एवढ्याने भागत नाही, कारण तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा वेगवेगळ्या मराठा पलटणी होत्या. १९२२ साली त्या एका रेजिमेंटखाली आल्या. आमचं काम केलं ते ट्रंकेतल्या मेडलने. ब्रिटिश वॉर मेडल, एका बाजूला पंचम जॉर्ज. कडेवर भिंग धरलं तर बारीक अक्षरांत शिपाई नंबर, हुद्दा, नाव आणि ११७ मराठा. (घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात.) इराकमधल्या कूट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ही पलटण अडकली होती; २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने शरणागती पत्करली.

नंबर आणि पलटण घातल्यावर नोंद लगेच आली. ‘अमक्याचा मुलगा’, मग गाव, महाड, कुलाबा, बॉम्बे. जिल्हे जुनेच टाका. रायगड टाकलंत तर काही हाती लागायचं नाही.

स्मारक म्हणून नोंदीत बसरा मेमोरियल. तिथे बेपत्ता चाळीस हजारांहून जास्त जणांची नोंद आहे. पण नावं कोरली ती गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली निव्वळ आकडा. त्यांची नावं फक्त रजिस्टरात. हा भेदभाव कमिशनने २०२१ च्या अहवालात स्वतः मान्य करून माफी मागितली. माफी ठीक आहे, पण वाचताना राग यायचा तो येतोच. १९९७ मध्ये इराक सरकारने ते स्मारक नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं, म्हणजे जुन्या जागी जाऊनही काही दिसायचं नाही.

ज्यांच्याकडे पलटण आणि नंबर आहे, त्यांनी जरूर वापरावी. मोबाइलपेक्षा कॉम्प्युटरवर बरी. फिल्टर बरेच आहेत, आणि यादी डाउनलोड करून शेजारच्या गावांची नावंही चाळता येतात. आमच्या नोंदीत गावाचं स्पेलिंग चुकलंय. दुरुस्तीसाठी पुराव्यासकट लिहिता येतं, पण आमचा पुरावा म्हणजे ते मेडल, आणि मेडलवर गाव नसतं.