ओढ्यातल्या माशांचा सर्व्हे: एसी, साधा डीसी की पल्स डीसी?

पाण्यात करंट सोडून मासे गुंगवायचे, मोजायचे आणि परत सोडायचे, अशा सर्व्हेची परवानगी मिळालीय, ओढा ठरलाय आणि आता मशीन कुठलं घ्यायचं आणि करंट कुठला लावायचा यावर गाडी अडलीय, अशांसाठी लिहितोय. बहुतेक जण वजन, वॉट आणि किंमत बघून ठरवतात. माझं म्हणणं, आधी मासा कुठल्या करंटला काय करतो ते बघा, कारण सर्व्हे झाल्यावर तो मासा परत ओढ्यात जगायचाय.

एसीचं, म्हणजे सारखा दिशा बदलणाऱ्या करंटचं, लवकर उरकतो. घरातला ५० हर्ट्झचा करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो, त्यामुळे मासा कुठल्याच टोकाकडे ओढला जात नाही, आहे तिथेच ताठ होतो, स्नायू आखडतात, कल्ले थांबतात. दगडाखाली असेल तर तिथेच अडकून मरतो आणि मोजणीतही येत नाही. जखमाही यातच सगळ्यात जास्त. आपल्याकडे विजेच्या तारेवरून आकडा टाकून नदीत मासे मारतात तो हाच प्रकार, त्यात माणसंही जातात. सर्व्हेसाठी एसी नकोच.

साधा डीसी, म्हणजे एकाच दिशेने सलग जाणारा करंट, माझ्या सगळ्यात आवडीचा. मशीन पाठीवर, हातातल्या काठीच्या टोकाला रिंग असते ती अ‍ॅनोड (प्लस टोक), मागे पाण्यात केबल लोंबत असते ती कॅथोड (मायनस टोक). लांबचा मासा नुसता दचकून पळतो. थोडा जवळ असेल तर अंगाला झटका बसतो, तोंड रिंगकडे वळतं आणि तो स्वतःच पोहत रिंगकडे यायला लागतो, अगदी कपारीतनं बाहेर येतो! रिंगच्या जवळ पोचला की गुंगी येऊन कुशीवर पडतो, मग जाळीने उचलायचा, आणि करंट बंद केला की बहुतेक वेळा लगेच सावरतो. अडचण बॅटरीची, करंट सलग चालू असल्यामुळे ती भराभर उतरते.

पल्स डीसीत करंट तुकड्या-तुकड्यात जातो, बॅटरी टिकते, मासे पटकन गुंगतात, म्हणून बरेच जण हेच वापरतात. पण प्रत्येक पल्सला स्नायू एकदा आकसतो, म्हणजे ६० हर्ट्झ लावलं तर सेकंदाला ६० झटके, आणि दोन्ही बाजूचे स्नायू एकदम जोरात ओढले गेले की मधला कणा मोडू शकतो. ट्राउट-साल्मनमध्ये हे फार दिसलंय. कधी अंगावर काळपट पट्टे उमटतात, कधी बाहेरून काहीच दिसत नाही, तेव्हा बादलीत पोहतोय म्हणजे ठीक आहे असं धरून चालू नका. अमेरिकेच्या नॅशनल मरीन फिशरीज सर्व्हिसने संरक्षित साल्मनसाठी २००० साली नियम काढले, त्यात एसीला जागाच नाही, पल्स वापरायचा तर सुरुवात १०० व्होल्ट आणि ३० हर्ट्झपासून, आणि ४० हर्ट्झच्या वर गेलात तर जखमा वाढतात असं स्पष्ट म्हटलंय. हे आकडे थंड पाण्यातल्या माशांचे आहेत, तरी सुरुवात कमीवरून करायची ही पद्धत आपल्याकडेही पाळा.

आता पाणी. पाण्यातनं वीज किती सहज जाते ती कंडक्टिव्हिटी, ती मायक्रोसीमेन्समध्ये मोजतात; तिच्या मीटरशिवाय ओढ्यात उतरू नका. त्याच नियमांत १०० मायक्रोसीमेन्सच्या खाली ११०० व्होल्टपर्यंत मुभा आहे, १०० ते ३०० मध्ये ८०० आणि ३०० च्या वर फक्त ४००. पावसाळ्यात घाटातल्या ओढ्यांचं पाणी बरंच कमी कंडक्टिव्हिटीचं असतं, तिथे कमी व्होल्टला मासा ढिम्म हलत नाही. खाडीत उलटं, खारं पाणीच सगळा करंट खेचतं, पाठीवरचं मशीन तिथे निकामी, सरळ पाग वापरा.

आणखी एक, मोठ्या माशाला छोट्यापेक्षा जास्त बसतं, कारण नाकापासून शेपटीपर्यंतच्या अंतरात व्होल्टचा फरक जास्त पडतो. म्हणून मोठे महाशीर असलेल्या डोहात मी करंट लावणारच नाही, तिथे काठावरून बघून किंवा पाण्याखालच्या कॅमेऱ्याने मोजा. उथळ, दगडगोट्यांच्या ओढ्यात साधा डीसी, तो पुरत नसेल तरच ३० हर्ट्झचा पल्स, आणि तोही सकाळी पाणी गार असताना, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि मासा सावरायला वेळ लागतो.

मशीन घेताना डीलरला दोनच गोष्टी करून दाखवायला सांगा: साधा डीसी मिळतो का आणि पल्स ३० वर येतो का. शिवाय हात सुटला की करंट बंद करणारा स्विच आणि पाठीवरून कलंडलं की बंद पडणारा सेन्सर हवाच, हे नसेल तर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.